साडूंचा नेम

हवेत उडालेली वस्तू नेमकी कुठे पडणार, हे फक्त दोघांना ठाऊक असतं: एक परमेश्वर आणि दुसरे आमचे साडू. त्यातला परमेश्वर निदान चारचौघांत बोलून दाखवत नाही.

साडू सुरतेतल्या एका शाळेत गणित शिकवायचे, मी बँकेत. दोघी बहिणी एकाच गल्लीत नांदत असल्यामुळे तुलनेतून माझी सुटका नव्हती. रस्त्यात कुणी पानाची पिचकारी मारली की लोक अंग चोरत. हे थांबून तिचा पॅराबोला न्याहाळत. माझ्या सुमीला वर्गसमीकरणं मी शिकवली तेव्हा ती रडली होती. यांनी गच्चीवर चेंडू उडवला आणि म्हणाले, "हे बघ, आपला जोर चेंडूला वेळेच्या पटीत वर नेतो आणि पृथ्वी वेळेच्या वर्गाच्या पटीत खाली ओढते. वर्ग भराभर वाढतो, म्हणून शेवटी पृथ्वीच जिंकते." पोरगी हसायला लागली. तेव्हापासून काहीही अडलं की, "काकांना विचारते." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी तर कहर झाला. समोरच्या गच्चीवरून कांताबेन ओरडल्या, "भाई, एक फिरकी फेंको ने!" मी कॉलेजात क्रिकेट खेळलेला माणूस. मांज्याची फिरकी उचलून ऐटीत हात फिरवला. फिरकी खाली गल्लीत, कुणाच्या तरी उंधियूच्या पातेल्यात. साडूंनी शांतपणे कोळशानं कठड्यावर समीकरण मांडलं, बोट ओलं करून वारा पाहिला आणि दुसरी फिरकी अलगद सोडली. ती थेट कांताबेनच्या ओंजळीत! "वाह मास्तर, कमाल करी!" गच्च्या दुमदुमल्या. माझ्या बायकोनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती लग्नातसुद्धा माझ्या वाट्याला आली नव्हती. पुढे काही दिवस मी पहाटे गच्चीवर बटाटे फेकायचा सराव केला. शेजाऱ्यांची कौलं फुटली तेव्हा तो थांबवावा लागला.

मग साडूंना जळगावला नोकरी मिळाली. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी सुमी वही घेऊन माझ्याजवळ बसली.

"बाबा, गच्चीवरून फेकलेला दगड जमिनीवर कधी पडेल, याची दोन उत्तरं येतायत. एक ऋण आहे."

"ते सोडून दे. ती म्हणजे दगड हातातून सुटण्याआधीची वेळ. तिथे आपल्याला परत जाता येत नाही."

"काकाही असंच म्हणायचे."

"त्यांचंच आहे ते," मी म्हणालो.

तिनं ऋण उत्तरावर काट मारली. आतून बायकोनं विचारलं, "ताईला पत्र लिहितेय. तुमचं काही लिहू?"

"लिही," मी म्हणालो. "दिवाळीला दोघं इकडेच या म्हणावं."