भावजींची चाळणी

आमच्या भावजींइतका सावकाश माणूस नागावात दुसरा झाला नसेल. ते माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ. समुद्राकडे फिरायला निघाले की वाटेतल्या माडापाशी थांबतात, वर बघत राहतात आणि कुठे निघालो होतो ते विसरून घरी येतात. चहा दिला तर वाऱ्याने साय हलते ती बघत बसतात. "भावजी, निवला," म्हटलं की म्हणतात, "निवू दे वहिनी, त्याला कुठं जायचं हाय."

तरी अभ्यासिकेचा कॉम्प्युटर गावाने त्यांच्याच हाती दिला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स नावाची प्रणाली आहे. पोरांचं सगळं इंटरनेट त्यातूनच येतं आणि वाईटसाईट अडवणारं काहीतरी भावजींनी तिथे बसवलं आहे. त्याला ते चाळणी म्हणतात. मागच्या वर्षी एका दुपारी ती चाळणी सुरूच होईना. अभ्यासिका चालवणाऱ्या बचत गटाच्या बायका म्हणाल्या, चाळणीशिवाय पोरांना नेट नको, संध्याकाळपर्यंत सुरू झाली नाही तर इंटरनेट कायमचं काढायचं. माझ्या लेकीचे, सुनीताचे नर्सिंगच्या परीक्षेचे धडे तिथेच चालत, आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. मला चार बायकांत बोलता येत नाही. मी नुसती अभ्यासिकेच्या दारात जाऊन उभी राहिले.

पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच उत्तर येत होतं, परवानगी नाही. सुनीता म्हणाली, "काका, सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका ना. नेटवर तसंच लिहितात."

"मग घराला दार कशाला ठेवायचं गं?" असं म्हणून भावजी खिडकीतून माडांच्या सावल्या बघू लागले. मला वाटलं, डोळा लागला. बऱ्याच वेळाने स्वतःशीच हसले. चाळणी रोज चालते ती कॉम्प्युटरमधल्या एका गड्याच्या नावाने, म्हणजे नेमून दिलं तेवढंच करता येणाऱ्या खात्यातून. आदल्या दिवशी भावजींनी ती मालकाच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या नावाने चालवून पाहिली होती, म्हणून तिची नोंदीची नवी फाइल मालकाच्या नावावर झाली आणि गड्याला तिच्यात लिहिता येईना. "गड्याच्या खोलीला मीच कुलूप घातलं की," ते म्हणाले. फाइल गड्याच्या नावावर केली आणि चाळणी चालू झाली.

"एवढ्यासाठी दुपार घालवलीत?" सुनीता म्हणाली.

"दुपार जातेच की, आपण घालवली न्हाय तरी."

धडे चालू राहिले. सुनीता पास झाली, आता मुंबईला हॉस्टेलवर असते. भावजी हल्ली उन्हं कलली की आमच्या ओटीवर येऊन बसतात. परवा हळूच म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी जमलं ते बरंच झालं ना?"

मी हो म्हटलं. म्हणताना नजर आत, सुनीताच्या रिकाम्या खाटेकडे गेली.