घंटीच्या दोन कळ्या

त्या घंटीच्या झाडानं मला जेवढं छळलं, तेवढं किन्हवलीच्या शाळेतल्या पोरांनीही कधी छळलं नाही, आणि त्या शाळेत मी मास्तर होतो.

माथेरानच्या एका माळ्यानं ते रोप दिलं होतं. निळी, घंटीसारखी फुलं येतात, एकदा धरलं की वर्षानुवर्षं राहतं, असं म्हणाला. थंड हवेचं झाड आमच्या उन्हात जगायचं कसं, हे तो बोलला नाही आणि मीही शहाणा, विचारलं नाही.

एरवी मेलं असतं तर सुटलो असतो. पण मधेच माझी सात वर्षांची मुलगी आजारी पडली. लढाईचे दिवस, क्विनाईन मिळता मिळेना. हिवतापानं पोर पार वाळून गेली. दिवाळीनंतर ताप सुटला, पण ती अंथरूण सोडीना. पाय टेकला की थरथरायची, रडायची. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, "आता औषध नको. तिला चालवा, नाहीतर उरलासुरला जोरही जाईल." चालवा म्हणे! सांगायला काय जातं? नुसता हात धरला तरी ती घर डोक्यावर घ्यायची. एक दिवस वैतागून मी म्हणालो, "बरं बाई, ती घंटी फुलल्यावर तरी उठशील ना?" तिनं मान हलवली. झालं! लेकीचं उठणं त्या हट्टी रोपट्यावर येऊन अडलं.

मग काय विचारता! उन्हाला बांबूची तट्टी बांधा, कोंबड्या हाकला. पाणी जास्त झालं की मुळं कुजायची, कमी झालं की मान टाकायचं. बायको म्हणायची, "त्यापरीस वांगी लावली असती तर कालवण तरी झालं असतं." पोर अंथरुणातून रोज विचारायची, "बाबा, आली का फुलं?" "नाही आली!" मी खेकसायचो, आणि मग माझंच आतडं तुटायचं.

माघात दोन कळ्या आल्या. पोरीला उचलून खिडकीशी नेऊन दाखवल्या. कितीतरी दिवसांनी ती हसली.

आणि त्याच आठवड्यात शाळेतून येतो तर दोन्ही कळ्या गायब! काठी घेऊन कोंबड्यांमागं धावलो. ओसरीवर बसलेली माझी आई म्हणाली, "त्यांना कशाला मारतोस रे? मीच नेल्या. देवीला कौल लावला."

आमच्याकडं काही अडलं की देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर देवीचा होकार. पण त्यासाठी माझ्याच कळ्या? तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, तिचं उठणं त्या कळ्यांवर होतं! गावात जास्वंदीला काय तोटा होता?"

"म्हणून तर त्याच नेल्या. पोरीचा जीव त्यांच्यात, मग दुसऱ्या कळ्यांना इचारून काय उपेग? उजवी पडली. उठंल ती. बोंबलू नको."

मी कपाळावर हात मारला. आतून पोर सगळं ऐकत असणार. तिला काय तोंड दाखवू? तणतणत विहिरीवर गेलो, हातपाय धुतले, आईला, देवीला आणि त्या माथेरानच्या माळ्याला मनसोक्त बोल लावले आणि परत आलो.

वाफ्यात पोर! एका हातानं तट्टी घट्ट धरलेली, दुसऱ्या हातानं रोपाची पानं उलटून बघत होती.

"अगं ए! ओल्यात अनवाणी काय करतेस? पुन्हा ताप यायला हवाय का? हो आत!"

"बाबा, अजून एक आहे," ती म्हणाली. "एवढुशी. आजीला सांगू नका."

"सांगत नाही, पण आधी आत हो," असं दरडावताना तिच्या पायांकडं माझं लक्ष गेलं. घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, लटपटणारे दोन पाय, आणि त्यांवर माझी लेक उभी होती. मी तिथंच चिखलात मटकन बसलो आणि तिच्यासमोर ढसाढसा रडलो.