डबल सीटची हवा

"मागचा टायर बदलायचाय. एकच. आणि भाव वाजवी सांगा," कदम पायरीवरूनच म्हणाले.

दुपारचे दोन वाजले होते. माझा कंप्रेसर बंद होता, आणि तो याच कदमांमुळे बंद होता. बेलापूरला ज्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझं टायरचं दुकान आहे, तिचे ते सेक्रेटरी. दीड वर्षापूर्वी त्यांची नोटीस आली होती : आवाज होतो, दुपारी एक ते चार कंप्रेसर बंद ठेवावा. नोकरीवाली मुलं जेवणाच्या सुट्टीत पंक्चर काढायला येतात. नेमका तोच धंदा गेला. उरण रोडला ताडपत्रीखाली ट्रेलरचे पंक्चर काढत काढत मी या दुकानापर्यंत आलोय. माझ्या पोटावर कोणी पाय दिला की मी विसरत नाही. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

त्यांची गाडी क्रूझर. म्हणजे लांब, बुटकी, आरामात रेलून चालवायची. या गाडीत बराचसा भार मागच्या चाकावर येतो, म्हणून मागचा टायर रुंद असतो आणि आधी तोच संपतो.

त्याच साइजचा एक टायर माझ्याकडे कोपऱ्यात पडून होता. कडक रबराचा. असा टायर लवकर झिजत नाही, पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा बसणाऱ्याच्या कमरेपर्यंत पोचवतो. कोणी घेत नव्हतं. तो कदमांच्या गळ्यात मारायचं मी ठरवलं.

"हा घ्या. गाडी विकाल, पण हा झिजायचा नाही."

"किती कमी करणार?"

"तुम्हाला? काहीच नाही."

"मग ऑनलाइन मागवतो."

"मागवा. बसवूनही ऑनलाइनच घ्या."

ते गेले नाहीत. मी जुना टायर बघायला खाली बसलो. दोन्ही कडांना नक्षी शाबूत, मध्येच सपाट पट्टा. हवा जास्त असली की टायर मध्ये फुगतो आणि तेवढाच रस्त्याला घासतो. गेज लावला. बत्तीस.

"बत्तीस डबल सीटला भरायची. एकटे फिरता ना तुम्ही? मी रोज बघतो. एकट्याला अठ्ठावीस. चांगला टायर फुकट घालवलात."

"माहितीये मला."

"माहिती असून?"

ते गाडीच्या मागच्या सीटकडे बघत म्हणाले, "हिच्या कमरेचं ऑपरेशन झालं. सांधा बदलला. नंतर तिथे इन्फेक्शन झालं, पुन्हा उघडावं लागलं. वर्षभर पलंगावरच होती. दर रविवारी हवा भरायला पंपावर जायचो, तेव्हा अठ्ठावीस सांगायला तोंड उघडायचं नाही. उद्या म्हणाली चला, तर गाडी तयार हवी ना."

"आता कशा आहेत?"

"काठी घेऊन चालते. डॉक्टर म्हणाले, गाडीवर बसायला हरकत नाही. परवा उरणला माहेरी जायचं म्हणते. बहिणीला बघून दोन वर्षं होतील."

त्यांचा फ्लॅट माझ्या दुकानाच्या बरोबर वर आहे. हे मला आठ वर्षं माहीत होतं. त्या नोटिशीचा हिशेब मला त्या क्षणी लागला.

"नोटीस काकूंसाठी होती?"

"रात्रभर कळा यायच्या. दुपारी जरा डोळा लागायचा."

"मग तसं सांगायचं."

"तुम्ही भांडला असता."

"भांडलो असतोच. पण बंदही ठेवला असता."

मी कडक टायर परत कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"हा नको. न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरांनी उरणच्या रस्त्याची काय हालत केलीय, बघताय ना? मऊ रबराचा घ्या. लवकर झिजेल, पण पकड चांगली आणि दणके कमी. आणि दोन्ही बदला. पुढच्याला नक्षी आहे, पण कडेला चिरा बघा. रबर म्हातारं झालंय."

"दोन घेतले तर कमी कराल?"

"नाही."

अर्धा तास घासाघीस झाली. थोडे ते हलले, थोडा मी.

मऊ रबराचे टायर मागवावे लागले; ते तुर्भ्याहून दुसऱ्या दिवशी दुपारी आले. जुने काढून नवे रिमवर चढवले. पण ट्यूबलेस टायरची कड रिमला घट्ट बसायला एकदम जोराची हवा लागते. पायपंपाने ते होत नाही.

"चार वाजेपर्यंत थांबा," मी म्हणालो. "नोटीस तुमचीच आहे."

"थांबतो. नियम आहे," कदम म्हणाले आणि स्टुलावर बसले.

पंधराएक मिनिटांत जिन्यावर काठीचा आवाज आला. कदम धावत गेले. काकू त्यांचा हात बाजूला करून, एकेक पायरी मोजून खाली उतरल्या. वजन निम्म्यावर आलं होतं. उघडी चाकं बघितली, आम्हा दोघांना बघितलं.

"हातावर हात ठेवून काय बसलाव?"

"चार वाजायचे आहेत," कदम म्हणाले.

"कंप्रेसर चालू कर रं," काकू मला म्हणाल्या. "मी आता खाली हाय."

मी बटण दाबलं. टायरची कड टप्प करून बसली, तशा काकू हसल्या. चाकं गाडीला लावली. मागच्यात मी स्वतः हवा भरली. बत्तीस.

"पहिले शंभर किलोमीटर सावकाश चालवा. नवा टायर घसरतो."

"ही मागे असताना मी कधी जोरात चालवलीये?"

"लग्नाच्या आधी चालवायचा," काकू म्हणाल्या.

ते उरणला जाऊन नीट परत आले. माझ्यासाठी सुकटीची पुडी आली.

गिऱ्हाइकाला टायरचा साइज विचारायचा, हे मला धंद्याच्या पहिल्या दिवशी कळलं. मागे कोण बसतं हे मी आता आधी विचारतो. नोटीस मात्र कदमांनी अजून लेखी मागे घेतलेली नाही.