मिराबाईची खिंड आणि सात नंबरचा पंखा

मिराबाई राठोड हसायला लागली, की हातातली कपबशी आधी खाली ठेवावी लागते, नाहीतर चहा सांडलाच म्हणून समजा. शिरड शहापूरच्या वरच्या अंगाला, माळावर तिचा तांडा. रोज सकाळी ओट्यावर बसून समोरच्या दोन डोंगरांमधल्या खिंडीकडं बघत बाई चहा पिणार. खिंडीपलीकडं तिचं माहेर. तसं पाहिलं तर खिंडीतून नुसतं आभाळ दिसतं, माहेराचं कौलसुद्धा दिसत नाही. पण हे तिला सांगायची कुणाची छाती?

आणि त्याच डोंगरांवर पवनचक्क्या यायच्या ठरल्या. त्या उभ्या राहिल्यावर देखावा किती बिघडेल हे तपासायला शितल नावाची पोरगी आली. कंपनीचीच, पण मनानं सरळ. तिच्याकडं माळावरून टिपलेले डोंगरांचे मोठमोठे फोटो, त्यात काम्पुटरवर काढलेले पंखे. देखाव्याला दहापैकी मार्क द्या म्हणाली.

पहिला फोटो अर्थातच तांड्याचे नायक उत्तमसिंग यांच्या हातात. नायकांनी पंख्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही. खाली कोपऱ्यात त्यांचेच दोन बैल चरत होते.

"वा रे वा! शिंगं बघा शिंगं! दहा!"

नायकांनी दहा दिल्यावर नऊ द्यायची कुणाची टाप आहे? तांड्यातल्या हरिचंदनं तर फोटो उलटा धरून दहा दिले. शितलनं कपाळाला हात लावला.

"माझं शून्य लिव्ह," मिराबाई कडाडली. फोटोतला सात नंबरचा पंखा बरोब्बर तिच्या खिंडीत उभा होता. "माझं माहेर झाकून राहिला ना त्यो मेला!"

"याडी, माहेर आत्ता तरी कुठं दिसतंय?" तिचा पोरगा विकास म्हणाला.

"तू गप ऱ्हाय!"

बाई चेष्टेत बोलत नव्हती. ती खिंड गेली तर रोज सकाळी बघायचं कुठं, या विचारानं तिला जेवण गेलं नाही. शितलला तिची दया आली. तुमच्या ओट्यावरून खरंच नजरेत खुपत असेल तर सात नंबर बाजूला सरकवा असं लिहिते, म्हणाली. त्यासाठी पंख्याच्या उंचीएवढा दोर लावून त्या जागी एक भला मोठा लाल फुगा सोडायचा आणि इथून बघायचं.

फुग्याच्या दिवशी अख्खा तांडा मिराबाईच्या ओट्यावर. बसायला जागा नाही, चहाला कप नाहीत. फुगा वर निघाला तशी पोरं किंचाळली, म्हातारे उभे राहिले, नायकांनी फेटा सावरला. फुगा डुलत डुलत चढला आणि खिंडीच्या मधोमध जाऊन थांबला.

"बघ! बघ! खुपतंय का न्हाई?" मिराबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. शितलनं मान हलवून कागदावर पेन टेकवलं.

तेवढ्यात मिराबाईचा मोबाईल वाजला. माहेराहून. फोनवर तिची याडी, म्हणजे आई, कमलबाई, ऐंशीची म्हातारी. तिला गाडी लागते, म्हणून लेकीच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ती डोंगराच्या अलीकडं कधी आलेली नव्हती.

"मिरे, डोंगरावर लाल काय दिसून राहिलंय? पोरं म्हणतात तुझ्याकडचा फुगा हाय."

"तुला दिसतोय?"

"डोळ्याचं आप्रेशन झालंय माझं, न दिसायला काय झालं! त्याच्या बराबर खाली तुझं घर का?"

"बराबर खाली न्हाई, पन त्याच अंगाला. काहून?"

"अगं, इतकी वर्षं तुला हाक मारायची तर कुन्या दिशेला तोंड करावं तेच कळत नव्हतं मला. आज कळलं."

मिराबाईनं फोन तसाच कानाला धरून शितलचा हात पकडला.

"थांब, पोरी! खोड ते! सात नंबर तसूभरही हालवायचा न्हाई."

"अहो मावशी, आत्ताच तर..."

"खोड म्हन्ते ना! दहा लिव्ह. वीस लिव्ह! अजून उंच करता येतो का त्यो?"

ओट्यावर एकच हशा उसळला. मिराबाई तर अशी हसत सुटली की विकासला तिला धरावं लागलं. हसता हसताच तिनं विचारलं, "किती दिस टिकतो गं पंखा?"

"पंचवीस वर्षं तरी."

"याडी, ऐकलं का? पंचवीस वर्षं उभा ऱ्हानार हाय म्हन्ते!"



"मंग मला बी तेवढं ऱ्हावं लागंल की गं," पलीकडून म्हातारी म्हणाली.