मावशींच्या आळशी पेशी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याहून इस्रायलमधल्या बीरशेबाच्या एका लॅबमध्ये संशोधनाला गेलो. न्यूट्रोफिल म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. संधिवाताच्या रुग्णांत त्या कितपत काम करतात, ते बघायचं होतं. तुलनेला निरोगी रक्त माझंच. फुकट आणि हाताशी.

रुग्णांत जवळच्या येरुहाम गावच्या एक मावशी होत्या, बेने इस्राएल म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेल्या ज्यू, जुन्या मुंबईचं मराठी बोलणाऱ्या. बोटं वाकडी, तरी बसने एकट्या यायच्या. त्यांच्या पेशींनी यीस्टचे कण जवळजवळ गिळलेच नाहीत. माझ्या पेशींनी फडशा पाडला. लॅबचे प्रोफेसर खूश. परिषदेत हेच मांडणार होते. आणि मी शहाणा, मावशींना चहा देताना बोलून बसलो, "तुमच्या पेशी जरा आळशी निघाल्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "आळशी? वीस वरसं फॅक्टरीत उभी राहिले या बोटांनी. पुन्हा काढ रक्त. माझ्यासमोर कर."

नर्सने रक्त काढलं. पेशींना यीस्टबरोबर द्यायचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, वेगळं करून मी त्याची नळी गरम पाण्यात ठेवायला निघालो.

"हे कशाला उकडतोस?"

"सवय, मावशी. पुण्याला पेशी वाढवताना बाहेरचं सीरम आधी छप्पन्न अंशांना अर्धा तास ठेवायचो."

"तुझं ठेवलंस?"

"माझं कशाला? ते घरचं."

बोलता बोलताच मला घाम फुटला. सीरममधली काँप्लिमेंट नावाची प्रथिनं जंतूला किंवा यीस्टला चिकटतात, म्हणून न्यूट्रोफिलला तो पकडता येतो. त्या उष्णतेत नेमकी तीच निकामी होतात. परक्या रक्ताला सोवळं नेसवून मी त्याचे हात बांधले होते.

न तापवता प्रयोग केला. मावशींच्या पेशींनी माझ्यांपेक्षा काकणभर जास्तच गिळलं.

"आता साहेबाला बोलाव."

"मी नंतर सांगतो ना."

"नंतर नाय. आळशी कोण ते माझ्यासमोर सांग."

प्रोफेसर आले. मोडक्या हिब्रूत मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, परिषद होऊ दे, मग बघू. बाकीच्या रुग्णांचंही असंच आलंय.

"तेही मीच उकडलेत," मी म्हणालो. "मांडलंत तर मी तिथे उठून सांगेन."

नोकरी गेली असं धरूनच बोललो. पण मागे मावशी होत्या आणि मला त्यांचीच भीती जास्त होती.

प्रोफेसरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. मग भाषण मागे घेतो म्हणाले. मावशींनी हिब्रूत शांतपणे विचारलं, माझ्या कागदावर पेशी काम करत नाहीत असं लिहिलंय त्याचं काय? प्रोफेसरांनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडून खाली सही करेपर्यंत मावशी जागच्या हलल्या नाहीत. येरुहामची बस गेली, तरी.