कोनं पाह्यलं?

कोणी काही ठामपणे लिहिलं की ती त्या ओळीवर उजव्या हाताचं बोट ठेवायची आणि विचारायची, "कोनं पाह्यलं?" ओळ कागदावर असो नाहीतर कॉम्प्युटरवर. पडद्यावर तिच्या बोटाचे ठसे उमटायचे. ते पुसण्याचं कामही तिचंच होतं, कारण आमच्या सौंसरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. कंत्राटावर. मी त्याच विभागात शिकवतो.

तोंडी बोलण्यालाही सुटका नव्हती. एकदा चहाच्या वेळी आमचे एक सर म्हणाले, लोधीखेड्याची संत्री आपल्यापेक्षा गोड. कप उचलता उचलता ही म्हणाली, "कोनं पाह्यलं सर? किती झाडाची खाल्ली?" सरांनी एकच संत्रं खाल्लं होतं, तेही नागपुरात. सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं नव्हतं.

ते सुरू झालं विकीमुळे. जीवशास्त्राचा एक खुला विकी आहे. त्यात प्रत्येक जनुकाचं एक पान असतं. ते जनुक काय काम करतं, हे ठिकठिकाणची माणसं हौसेनं लिहितात. अट एकच: प्रत्येक वाक्याखाली ते कोणत्या शोधनिबंधातून आलं, हे द्यायचं. संत्र्याची जनुकं आपल्या कॉलेजनं घ्यावीत, ही कल्पना माझी. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. कामाला लावलेले विद्यार्थी पंधरा दिवसांत पांगले. मग एके दुपारी परीक्षानळ्या धुता धुता ती म्हणाली, "मी लिवू काय सर?" बीएस्सी झालेली होती, रामाकोन्याहून बसनं यायची. मी मोठ्या मनानं म्हटलं, "लिहा की, ताई."

माझं मोठं मन तेवढ्यावरच संपलं.

मी निबंधाचा सारांश वाचून पान लिहून मोकळा व्हायचो. ती सारांश शेवटी वाचायची. आधी आकृत्या, मग प्रयोग कसा केला ते, इंग्रजी शब्द अडला की फोनमधला कोश. एका वाक्याला कधी कधी चार दिवस. "सारांशात त मानूस आपलीच तारीफ करून राह्यते सर," असं तिचं म्हणणं. सहा-सात महिन्यांत तिच्या पानांखाली बाहेरून आभाराच्या नोंदी यायला लागल्या. एका परदेशी बाईंनी तिला 'डॉक्टर' लिहिलं. माझी पीएच.डी. अर्धी राहिलेली. दोन दिवस मी प्रयोगशाळेत गेलोच नाही. हेवा वाटत होता, दुसरा शब्द नाही त्याला. आम्ही तिला साधं मॅडमही म्हणत नव्हतो, ताई म्हणायचो, आणि जग तिला डॉक्टर म्हणत होतं.

तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल, तर तुम्हाला हा उद्योग ठाऊक असेल: रोज सकाळी मी तिची पानं उघडायचो, चूक शोधायला. पुरावा नसलेलं एक, फक्त एक वाक्य मला हवं होतं. वर्षभर शोधलं. मिळालं नाही.

उलट तिलाच माझं मिळालं. संत्र्याला रंग चढवणाऱ्या जनुकाचं पान मी लिहिलं होतं, प्राचार्यांना कौतुकानं दाखवलंही होतं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "सर, हा पेपर त टमाटरचा हाय."

"दोन्ही जनुकं सारखीच आहेत," मी म्हणालो.

"सारखी दिसते. पन काम तेच करते, हे संत्र्यात कोनं पाह्यलं? आंबिया बहाराचं संत्रं आतून पिकते न् वरून हिरवंच राह्यते. मंग?"

बरोबर होतं. टोमॅटोच्या पानावरची ओळ मी उचलून संत्र्याच्या पानावर ठेवली होती. मी म्हटलं, "ताई, नळ्या धुवायच्या राहिल्यात." विकीवर कोणीही कोणाचं पान बदलू शकतं. तिनं माझ्या पानाला हात लावला नाही. "तुमचं पान हाय, तुमीच बदला," एवढं म्हणाली आणि नळ्या धुवायला गेली. मी बदललं नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात विकीकडून विचारणा आली: तुमच्या गटातून एक परीक्षक सुचवा, इतरांची पानं तपासायला. तिचं कंत्राट संपत आलं होतं. "परीक्षक म्हनून नाव लागलं त नागपूरच्या लॅबमंधी अर्ज टाकता येते सर," ती एकदा सहज बोलून गेली होती. सहज नव्हतं ते, मला कळलं होतं. पत्र मी लिहायचं होतं. मी स्वतःचं नाव सुचवलं, आणि खाली लिहिलं की संत्र्याची सर्व पानं माझ्या मार्गदर्शनाखाली तयार झाली.

प्रिंटर प्रयोगशाळेत होता. कागद तिनंच काढून दिला. देताना तिचं बोट त्या 'मार्गदर्शनाखाली'वर टेकलं. मी वाट पाहिली. तिनं बोट उचललं आणि काही विचारलं नाही.

महिनाअखेरीला किल्ल्या टेबलावर ठेवून म्हणाली, "जाऊन राह्यली सर मी." पडदा पुसून गेली होती. आता पांढुर्ण्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

परीक्षक म्हणून माझ्याकडे पहिलीच तक्रार आली ती माझ्याच पानाची. कोणीतरी चर्चेच्या जागी लिहिलं होतं: पुरावा टोमॅटोचा आहे, हे पान काढून टाकावं का? तक्रार जुनी होती. खाली तिचं उत्तर होतं: 'लेखक संत्र्यातला पुरावा शोधत आहेत. कृपया त्यांना थोडा वेळ द्यावा.' तारीख पाहिली. मी पत्र छापलं त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची.

टोमॅटोची ओळ मी तेव्हाच काढली. पत्रातली ओळ काढायला मला इतके दिवस लागले, ती आज इथे काढतो: त्या पानांना मी काहीही मार्गदर्शन केलं नव्हतं.

वर्षभर मी तिच्या लिखाणात पुरावा नसलेलं एक वाक्य शोधत होतो. ते शेवटी सापडलं. तिनं ते माझ्याबद्दल लिहिलं होतं.