लक्ष्मीपूजनाला ऑफिस रिकामं असतं

शेवटच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी माझ्याकडे पुस्तकांची नावं मागितली. "सर, नव्या मुलांनी नेटवर्किंगसाठी काय वाचावं, तेवढं सांगून जा ना." मागणारा मॅनेजर माझ्या मुलीच्या वयाचा, आणि स्वभावाने इतका सज्जन की त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. हिंजवडीतल्या त्या कंपनीची पहिली वायर मी ओढली होती. बाकीचे क्लायंट आधीच सुटले होते, आता इथलंही सगळं क्लाउडवर जाणार होतं. म्हणजे यंत्रं दुसऱ्याच कुणाच्या तरी इमारतीत, आणि इथल्या सल्लागाराला, म्हणजे मला, नारळ.

मी सांगितलं. आधी एखादं जाडजूड पुस्तक घ्या, ज्यात एक संगणक दुसऱ्याशी बोलतो कसा हे मुळापासून दिलेलं असतं. कंटाळा येईल, येऊ द्या. मग यंत्राबरोबर येतं ते माहितीपुस्तक वाचा, जे तुम्ही खोक्यासकट फेकून देता. परीक्षेची गाइडं मात्र नकोत. ती घोकून आलेले वीर सर्टिफिकेट नाचवतात आणि वायर खाली लोंबतेय ते त्यांना दिसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, फोनवर टाइप केलं. कुणी वाचणार नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. खरं तर काम गेल्याचंही फारसं वाटत नव्हतं. हातपाय बधिर व्हावेत तसं आतून झालं होतं. डोक्यात एवढंच होतं की यंदा लक्ष्मीपूजनाला मी घरी असणार, आणि हे आज घरी जाऊन सांगायचं.

ही पुस्तकं मी स्वतः बुधवार पेठेतून आणायचो. नुकतं उदारीकरण झालेलं, कंपन्या येणार येणार म्हणून नुसता गलका होता. परदेशी पुस्तक नवं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मी जुनी शोधत बसायचो. दुकानदार म्हणायचा, "चाळा हो, पण उभ्या उभ्या वाचून संपवू नका. आम्हाला विकायचंय ते." शिकलो मी तिथेच, असाच उभ्या उभ्या. मग कंपन्या खरंच आल्या आणि मी नोकरी सोडून सल्लागार झालो.

त्या जाड पुस्तकांतून एक गोष्ट मात्र कळली नव्हती. ऑफिस चालू असताना वायर काढली तर अख्खा मजला बोंब मारतो, म्हणून आमचं खरं काम सुट्टीच्या दिवशी. जितका मोठा सण तितकं मोठं काम. "लक्ष्मीपूजनाला ऑफिस रिकामं असतं, तेव्हाच उरकून टाकू या," हे प्रत्येक क्लायंट असं सांगायचा, जणू काही मला पर्वणीच देतोय. आणि मी हो म्हणायचो. लग्नानंतरची पहिली दिवाळीसुद्धा मी सर्व्हर रूममध्ये, त्या एसीच्या घरघरीत काढली.

दसऱ्याला तरी मी घरी असायचो. पण एका वर्षी खराडीच्या ऑफिसात लोकांनी भक्तिभावाने स्विचची पूजा केली. स्विच म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. त्याला हळदकुंकू, अक्षता आणि वर झेंडूचा भरगच्च हार, तोही नेमका हवा जाण्याच्या जाळीवर. डबा तापून बंद पडला. फोन आला तेव्हा मी ताटावर बसलो होतो. श्रीखंड तसंच टाकून उठलो, तशी बायको म्हणाली, "अहो, जाच तुम्ही. त्या डब्याला आमच्यातर्फे सोनं द्या आणि वाकून नमस्कार करून या."

तेव्हा ती असं बोलायची. पुढे बोलेनाशी झाली. मला वाटलं, चला, सवय झाली, सुटलो.

तर त्या शेवटच्या दिवशी घरी आलो. बायको करंज्या तळत होती. मुलगी स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडून बसली होती. "बाबा, बघ ना किती मस्त आहे हॉटेल! मी आणि आई कोकणात चाललोय. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी निघायचं ते थेट भाऊबीज झाल्यावरच परत. तू नसतोसच ना, म्हणून दोघींचंच बुकिंग केलं."

"पूजा तिकडेच करू," बायको कढईतून नजर न काढता म्हणाली. "घराला कुलूप असेल. तुमची किल्ली तुमच्याकडे आहेच."

मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, "समजा, यंदा मला काम नसलं तर?"

झारा तसाच कढईत राहिला. मुलीने आईकडे पाहिलं. बायकोने गॅस बारीक केला आणि अगदी नीट विचारलं, "येता का? या ना. तिसरा पलंग मिळतो का विचारू त्यांना. नाहीतर मग रद्द करू या, तसं काही नाही." शेजारच्या काकूंना जेवायचा आग्रह करावा, तितकं ते गोड होतं. तिने एक टोमणा मारला असता ना, तर मी तिथेच पाटावर बसकण मारली असती आणि सगळं सांगून टाकलं असतं. मी वाट पाहिली. टोमणा काही आला नाही. मला रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही.

"अगं, गंमत केली," मी म्हणालो. "काम आहे. लक्ष्मीपूजनालाच आहे."

"हं, मग ठीक," ती म्हणाली. तिचा चेहरा लगेच सैल झाला. गॅस पुन्हा मोठा करून ती तळायला लागली. तळून झाल्यावर तिने माझा फराळ वेगळा काढला आणि डबा माझ्यासमोर ठेवला.

"दोन करंज्या जास्त घातल्यात. त्या दिवशी तिथल्या वॉचमनला द्या. तोही बिचारा घरी नसेल."